एका दिवसाचं सुतक

गोंदू,

तुझं सुतक मला एका दिवसाचं आहे. दादानं पोथी काढून पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून, ओळीखाली बोट धरून त्यानं मला वाचून दाखवलं की दत्तक गेलेल्या भावाचं मरण कळलं तर जन्मघरच्या भावांनी एक दिवस पाळावा, आंघोळ करावी, मोकळं व्हावं. "आजचा दिवस पाळ. उद्या सकाळी आंघोळ केली का मोकळा," तो म्हणाला. आपला थोरला भाऊ, अमरावतीतल्या निम्म्या घरांची लग्नं आणि श्राद्धं करणारा. पोथी वाचताना त्याचा आवाज एरवी कसा खणखणीत लागतो. त्या दिवशी दोनदा अडखळला. मग पोथी बांधली, फडकं नीट बसेना म्हणून सोडली, पुन्हा बांधली.

आज नववा दिवस आहे. मी अजून दाढी केलेली नाही.

मी, ज्यानं कॉलेजात असताना जानवं काढून खुंटीला अडकवलं ते पुन्हा घातलं नाही, ज्याला दादा बाहेरच्यांसमोर 'आमचा नास्तिक' म्हणतो, तो मी. ज्या दिवशी मोकळा झालो त्याच दिवशी शाळेत गेलो, चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी माझ्या हनुवटीकडे पाहत विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, भाऊ. "मग शाळेत कसे काय आले?" म्हटलं, दत्तक दिला होता. "मग दाढी काहून?" मी हजेरीपट उचलला. ते आणखी जवळ येऊन म्हणाले, "तुमी तर हे काही मानत नाई ना, मास्तर?" मी म्हटलं, नाही मानत. आणि तास घ्यायला निघून गेलो. तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास. चाळीस वर्षं जी गोष्ट तू मला पटवून देऊ शकला नाहीस ती माझ्या हनुवटीनं चार दिवसांत करून दाखवली, असंही म्हणाला असतास. पण पटलेलं काहीच नाही. वस्तरा हातात घेतो आणि ठेवून देतो, एवढंच होतं आहे. कोण मला हे करायला लावतं आहे ते मला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची मला फार चीड येते, हे तुला माहीत आहे.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. तुझ्या उमेनं माझ्याकडे काहीतरी मागितलं आहे आणि उद्या, दहाव्याला, अकोल्याला जाईन तेव्हा मला तिला उत्तर द्यायचं आहे.

तुला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याहून निघालो होतो. उमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर, भासऱ्यासमोर, अशी येऊन बोलत नाही. पण शास्त्रानं मी तिचा भासराच नव्हे, तेव्हा तुझ्या दत्तक जाण्याचा एवढा एक फायदा आम्हाला झाला. ती म्हणाली, "अण्णाजी, घाई नाई. पण तेराव्याच्या आत हो का नाई ते कळवा. घरात मूल पाहिजे. चुलतदिराकडचं मले नको. ह्यांनी सांगून ठेवलं होतं, विनूले मागायचं म्हणून." मग ती म्हणाली, "पण त्याले विचारून. हे दोनदा म्हणाले मले. पोराले विचारायचं, तो हो म्हणला तरच आणायचं. मलेबी विचारलं होतं, म्हणाले."

माझा विनू आठ वर्षांचा आहे. त्याची मुंज मी केलेली नाही. दादानं किती पाठ घेतली, तुला आठवत असेल. मी म्हणायचो, मोठा होऊ दे, त्याला कळू दे, घालायचं की नाही ते त्याचं तो ठरवील. मुलाला मोकळं वाढवायचं हे माझं एकच व्रत होतं म्हण ना. आता दादा म्हणतो, "त्याची मुंज झाली नाई ते बरंच झालं. मुंज झालेलं पोर देता येत नाई." म्हणजे मी त्याला ज्याच्यासाठी मोकळा ठेवला ते राहिलंच, आणि तो दत्तक जायला मोकळा राहिला. दादा हे खोचक बोलला नाही. तो खरंच समाधानानं बोलला, म्हणून जास्त लागलं.

'मलेबी विचारलं होतं.' या एका वाक्यापाशी मी तेव्हापासून अडकून पडलो आहे. आता ऐक. हे तुला कधीच सांगितलं नाही.

मी आठ वर्षांचा होतो, तू सहाचा. अकोल्याचे वकील आणि त्यांची बायको मूल बघायला येणार हे अंबागेटाच्या आतल्या आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणतं मूल, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. थोरल्याला देत नाहीत, आणि माझी मुंज आदल्या वैशाखात झाली होती, उरलास तू. मोठ्यांना हे केव्हाच माहीत होतं. मला नव्हतं. मला वाटलं, आपल्या दोघांना शेजारी उभं करतील आणि त्यातला एक निवडतील. मी तीन दिवस भीतीनं जेवलो नाही, आणि आईला वाटलं, मला बाधलं काहीतरी. मग एका दुपारी तू ओट्यावर बोरं खात बसला होतास, तिथं मी येऊन तुला म्हटलं, "गोंदू, ते तुले विचारतीन, येतो का म्हणून. हो म्हण." तू म्हणालास, "काहून?" मी म्हटलं, तिथं झोपाळा आहे, आणि गच्चीवरून आगगाडी दिसते. दोन्ही मी मनानं रचलेलं. तू विचारलंस, "आई येते का?" मी म्हटलं, येते मागून. आणि नाही म्हटलं तर बाप्पा मारतील, आपल्या वडिलांची छडी तुला ठाऊक होती. मग मी तुझ्याकडून घोकून घेतलं. मी विचारायचं, येतो का. तू म्हणायचं, हो. तीनदा. तिसऱ्यांदा तू बोराची बी थुंकून मग हो म्हणालास.

बाप्पा तुला पोचवून आले तेव्हा फार हलके होऊन आले होते. आईला सांगत होते, "पोरगं शहाणं. बडनेऱ्याले गाडी बदलताना त्या बाईनं विचारलं, येतोस ना रे आमच्याकडे, तर लगेच हो म्हणलं. रडलं नाई का काई नाई." आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी पाटी घेऊन माडीवर गेलो आणि एकटाच बसून राहिलो. मला सुटल्यासारखं वाटत होतं, गोंदू. ते मी आज लिहितो आहे. वाईट नंतर वाटलं, आधी सुटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी श्रावणात तू पहिल्यांदा आठ दिवस राहायला आलास. नाव बदललेलं, श्रीधर, कानात भिकबाळी. आईनं तुझ्या आवडीची म्हणून वांग्याची भाजी केली होती, काटेरी वांग्यांची, दाण्याचं कूट घालून. तू ताटातली वाटी बोटानं बाजूला सारलीस आणि म्हणालास, "आमच्यात चालत नाई. चंपाषष्ठीपर्यंत नाई खात आमी." तुझ्या त्या घरी खंडोबा होता, आपल्याकडे नव्हता. चातुर्मासात वांगं नाही, मार्गशीर्षातल्या षष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग खायचं. त्यात वावगं काही नव्हतं. पण तू 'आमच्यात' म्हणालास. आईनं वाटी उचलली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लोणच्याची बरणी होती. त्यानंतर तू येणार असलास की श्रावण असो की वैशाख, तिनं घरात वांगं म्हणून आणलं नाही. 'आमच्यात' हा शब्द मात्र तिच्या तोंडी कधी ऐकू आला नाही, ती आपलं 'त्याच्या घरी' म्हणायची.

पुढं तू वकील झालास, मी मास्तर झालो, आणि आपली भांडणं बडनेऱ्याच्या फलाटावर सुरू झाली. तू कोर्टाच्या कामानं नागपूरला जायचास, पोस्टकार्ड टाकायचास, मी राजापेठेहून टांग्यानं बडनेऱ्याला यायचो. गाडी थांबायची तेवढा वेळ. मी फलाटावरच्या दुकानातला चहा प्यायचो, तू तुझ्या फिरकीच्या तांब्यातलं घरचं पाणी. शेजारचे प्रवासी समजायचे, पक्षकार आणि वकील भांडताहेत.

मी म्हणायचो, तुझं एकही व्रत तुझं नाही. तुला अकोल्याला नेलं म्हणून तुझ्या घरी खंडोबा. एखाद्या जैनाच्या घरी दिलं असतं तर कांदा सोडला असतास, मुसलमानाच्या घरी वाढला असतास तर रोजे धरले असतेस. तू शांतपणे म्हणायचास, "धरलेच असते. नीट धरले असते."

"मग त्यात तुझं काय राहिलं?"

"नीट धरणं. ते माझं."

मी चिडायचो. तू आणखी चिडवायचास. "अन् तुझं काय अण्णा? आचमनाचं पाणी मनगटावरून ओघळलं का बाप्पा छडी उचलत होते. मी सहा वर्षांचा सुटलो त्यातून, तू सोळाचा होईस्तोवर खाल्ली. छडी नसती तर आज दादासोबत पळी-पंचपात्र घेऊन फिरत असता तू. तुझं न मानणं बाप्पाच्याच हातचं आहे." हे मला झोंबायचं, कारण यात बरंच खरं होतं. मग मी आवाज चढवायचो. मग तू ते म्हणायचास. दर वेळी तेच, डब्याची पायरी चढता चढता. "मले एकदा तरी कोणी विचारलं, येतोस का म्हणून. इथंच, याच फलाटावर. मी हो म्हणलो. माझ्या सगळ्याची सुरुवात माझ्या तोंडच्या होपासून आहे. तुले कोणी कधी विचारलं काय?"

आणि मी गप्प बसायचो. तुला वाटायचं, तू मला चीत केलंस. खिडकीतून हात हलवताना किती खूष दिसायचास तू. तुला चीत करणारी गोष्ट माझ्या खिशात होती आणि ती मी कधी बाहेर काढली नाही. तुझी दया आली म्हणून नव्हे. ते सांगितलं असतं तर वाद मी जिंकलो असतो, पण पुढचं पोस्टकार्ड कदाचित आलं नसतं. त्याची भीती होती.

एकदा तुझ्याकडे भाद्रपदात आलो होतो तेव्हा दारावर माळीण आली. टोपलीत वांगी होती, कोवळी, देठाला अजून चीक. मी गंमत म्हणून म्हटलं, दे अर्धा शेर. ती टोपली झाकून घेत म्हणाली, "वकीलसायबाच्या घरी नाई देत मी आता. चंपासट झाल्यावर घेजा." मी तुला म्हटलं, बघ, तुझं व्रत तुझी भाजीवाली पाळते आहे, तुला मोडायचं म्हटलं तरी गावात वांगं मिळायचं नाही. तू पोट धरून हसलास. मग हसू आवरून म्हणालास, "तिनं दिलं असतं तरी म्या खाल्लं नसतं अण्णा." मला ते तेव्हा वकिली उत्तर वाटलं. आता वाटत नाही. आता काय वाटतं तेही सांगता येत नाही.

आई गेली तेव्हाचं बोललंच पाहिजे.

तू दुपारच्या गाडीनं आलास. दादानं सगळं केलं, मी त्याच्या मागं उभा होतो. त्याच्या तिलांजलीनंतर माझ्या हातावर तीळ घातले, मी नास्तिक असून मुकाट्यानं पाणी सोडलं. तुझ्या हातावर कोणी घातले नाहीत. तू नदीच्या काठावर, उतारावर, वेगळा उभा होतास. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या आईचं सुतक तीन दिवस. तू तीन दिवस ओट्याकडच्या खोलीत घोंगडीवर बसून राहिलास, चौथ्या दिवशी पहाटे आंघोळ केलीस, आणि त्याच दिवशी अकोल्याच्या कोर्टात उभा राहिलास. मला ते तिथल्याच एका ओळखीच्याकडून कळलं. महिन्याभरानं फलाटावर भेटलो तेव्हा मी तुला चार माणसांदेखत म्हटलं की तू आईचा कधी नव्हतासच. तू तांब्याची फिरकी घट्ट केलीस, डब्यात चढलास, आणि खिडकीशी आला नाहीस.

त्यानंतर दोन वर्षं आपण भेटलो नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच होतं की सोमवारी नागपूरला जातो आहे, गाडी बडनेऱ्याला नेहमीइतकीच थांबते. मी गेलो. आपण दोघं बाकावर बसलो. गाडीची घंटा झाल्यावर तू उठून म्हणालास, "चौथ्या दिवशी मी कोर्टात उभा होतो अन् मले समोरचं काई दिसून राहिलं नव्हतं. पण मी हो म्हणून गेलो होतो अण्णा. हो म्हणून गेल्यावर मग आईचे दहा दिवसबी मागू का? दोन्हीकडचं कसं घेता येईल?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तो तुझा हो नव्हता, तो माझा होता, तुझ्या तोंडात घातलेला. त्याच्यापायी तू आईचे सात दिवस सोडलेस, ते तुझेच होते, मागून घ्यायचे होतेस. गाडी हलली. माझ्या तोंडातून निघालं ते, "तब्येत सांभाळ." मास्तर लोक वर्गात तास तास बोलू शकतात, गोंदू.

शेवटचं भेटलो ते कार्तिकात, तुझा ताप उतरेना म्हणून मी आलो होतो. तुझ्या हाताची कातडी कशी सैल झाली होती. मी ठरवून आलो होतो, आज सांगायचं. तू डोळे मिटून म्हणालास, "विनूची मुंज काहून करत नाई?" मी नेहमीचं म्हटलं, मोठा झाला की त्याला विचारीन. तू डोळे उघडलेस. त्या तापातही तुझ्या डोळ्यांत ती फलाटावरची चमक आली. "म्हणजे शेवटी तूबी विचारणारच," तू म्हणालास. "बस. हेच म्हणून राहिलो होतो मी एवढे वर्सं. विचारलं पाहिजे माणसाले." तुला किती बरं वाटलं त्यानं. मी तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि उमेनं काढा आणला. तेव्हा विनूला मागायचं तुझ्या मनात होतं हे मला नंतर समजलं.

आता तुझ्या त्या बरं वाटण्याचं मी काय करू, सांग.

हे सगळे दिवस मी घरात नुसता येरझारा घालतो आहे. हो म्हणावं तर पोटचं पोर देणं, आणि तेही ज्या रीतीला मी जन्मभर नावं ठेवली तिच्याच हातानं. नाही म्हणावं तर तुझी एक इच्छा मोडणं. मी तुझं एवढं देणं लागत असताना. आणि विचारून पाहावं तर कोणाला विचारतो आहे मी? आठ वर्षांच्या मुलाला? माझ्या बायकोला, इंदूला, पाचव्या दिवशी हे सगळं सांगितलं. ओट्यावरची बोराची बी आणि तीनदा घोकून घेतलेलं सुद्धा. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "सगळे म्हणून राहिले पोराले विचारा, पोराले विचारा. तुमच्या आईले कोणी विचारलं होतं काय? अन् मले कोण विचारून राहिलं?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "आता विचारलं काहून, मी बोलल्यावर." आणि पोळी उलटली. तिचं उत्तर मला माहीत होतं. ती विनूच्या ताटात त्या दिवसापासून तुपाची धार जास्त सोडते आहे.

आज दुपारी मी विनूला विचारलं.

तो अंगणात दगडावर पाटीची पेन्सिल घासत बसला होता. मी शेजारी बसलो. फार जपून बोललो. अकोल्याच्या काकूला मूल नाही, तिला वाटतं तू तिच्याकडे राहावंस, तिथं शिकावंस, तिचा मुलगा म्हणून. तिथं झोपाळा आहे असं म्हटलं नाही. मारण्याची गोष्ट तर नाहीच, या घरात छडी कधी आलीच नाही. मी म्हटलं, तुला वाटेल ते सांग, हो किंवा नाही, कोणी रागावणार नाही. या मुलाला मी कधी सक्तीनं देवाला नमस्कार करायला लावलं नाही, अमुक खाऊ नको, तमुक शिवू नको, काही नाही. मनात आलं, आता हा जे बोलेल ते त्याचं स्वतःचं असेल. निदान एक तरी माणूस मी तसा वाढवला असेन.

विनूनं पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, आपण फळ्यावरचं नीट वाचता यावं म्हणून बघतो तसं. आणि म्हणाला, "बाबा, तुमाले काय पाहिजे? ते सांगा, मी तेच म्हणतो."

त्याच्या आवाजात भीती नव्हती. तो मला मदत करत होता. आठ वर्षं या घरात राहून तो हे शिकला होता, की बाबांना कधी काही हवं असतं पण ते म्हणत नाहीत, तेव्हा आपण ओळखायचं. मी त्याला जानवं दिलं नाही, पळी दिली नाही, आणि हे दिलं. तुझ्या अकोल्याच्या घरानं तुला वांगं सोडायला शिकवलं तसंच. तुला फलाटावर एवढं बोलून जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते विनूनं एका वाक्यात घातलं. आपल्यापैकी कोण बरोबर होता? कदाचित तू. कदाचित दोघंही नाही. तुझ्याशी पुन्हा भांडायची इतकी इच्छा झाली की मी उठून अंगणाच्या दारापर्यंत जाऊन आलो.

परत येऊन त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "विनू, मला तू इथं पाहिजेस. माझ्याजवळ. मला तू जायला नको आहेस." त्याला पटवण्यासाठी आणखी काही जोडलं नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे इंदू ऐकत होती.

तो म्हणाला, "बरं." आणि पाटीवर काहीतरी काढायला लागला.

उद्या पहिल्या गाडीनं अकोल्याला येतो आहे. नदीवर तुझे चुलतभाऊ तुझं दहावं करतील, मी उतारावर वेगळा उभा राहीन. तीळ मागायचे की नाही ते तिथं गेल्यावर बघू. आत्ता काही ठरवत नाही. मग उमेला नाही सांगेन. ती विचारील, पोराले विचारलं काय? मी म्हणेन, विचारलं. आणि तुला कसं विचारलं होतं तेही तिला सांगेन, ओट्यापासून सगळं. ती मला क्षमा करील की नाही ठाऊक नाही, आणि तुझ्याऐवजी क्षमा तिला कशी करता येईल तेही समजत नाही.

विनूचं ते 'बरं' त्याचं की माझं, मला माहीत नाही, गोंदू. तुझा 'हो' तुझा होता की माझा, तेही आता छातीठोकपणे सांगता येत नाही. चाळीस वर्षं तू तो इतका नीट वागवलास, की तो माझा होता असं म्हणायचा हक्क मला उरला आहे की नाही, कोण जाणे. पण एक मला पक्कं माहीत आहे. त्या दुपारी घरात सगळी मोठी माणसं आपापल्या कामात होती, तुझ्याजवळ मी एकटा होतो. मलाही तू हवा होतास. 'जाऊ नको' एवढं म्हणायचं होतं, आणि मी तुला 'हो म्हण' म्हणालो.